सुरक्षापट्टा : का बांधावा आणि कसा बांधावा?

दिवाळीच्या सुटीला वसतिगृहातून घरी निघण्याचा दिवस आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या स्मरणात असतो. पत्र्याची पेटी आदल्या रात्रीच भरलेली असे, आंघोळ पहाटेच उरकलेली असे आणि डोळे मात्र फाटकाकडे लागलेले असत. त्या काळी न्यायला येणारे वडील किंवा काका वर्ध्याच्या बसस्थानकावर एस.टी.तून उतरून सिंदी मेघेपर्यंत पायी येत. कोणी सायकलने येत. आज त्याच दिवशी फाटकासमोर मोटारी उभ्या असतात. कोणाची स्वतःची, कोणाच्या मामाची, तर कोणाची चार पालकांनी मिळून ठरवलेली जीप. हे दृश्य पाहून शिक्षकाचे मन भरून येते. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पायात वहाण नव्हती, त्या घरांच्या दारात आज चारचाकी उभी आहे, आणि ती शिक्षणाच्या बळावर आलेली आहे.

मात्र त्याच फाटकात उभे राहून या गाड्यांना निरोप देताना काळजात धस्सही होते. पाच जणांच्या गाडीत सात-आठ जण बसतात. पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर तान्हे बाळ असते. मागे दोन मुले आसनांच्या मधल्या जागेत उभी असतात. चालकाने पट्टा ओढलेला असतो, पण तो चौकातल्या पोलिसापुरता. मागच्या पट्ट्यांची बकले तर आसनाच्या नव्या आच्छादनाखाली कधीच गडप झालेली असतात.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आलेली ही पहिलीच मोटार आहे. ज्याप्रमाणे घरातील पहिल्या शिकणाऱ्या मुलाला अभ्यास कसा करावा हे सांगणारे घरात कोणी नसते, त्याप्रमाणे पहिली मोटार घेणाऱ्याला तीत कसे बसावे हे सांगणारेही घरात कोणी नसते. गाडी कर्जाने मिळते, परवाना परीक्षेने मिळतो. सवय मात्र ज्याची त्याने लावून घ्यावी लागते. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे मागे बसून पट्टा न लावणाऱ्यांपैकीच एक होता. एकदा नागपूरहून परतताना रस्त्यात अचानक बैल आडवा आला आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला. गाडीचा वेग जेमतेम चाळीस असेल. बैल वाचला, गाडीला ओरखडाही आला नाही. पण माझे तोंड समोरच्या आसनावर आपटून ओठ फाटला आणि दोन दात हलले. त्या आधी कित्येक वर्षे नववीच्या वर्गात जडत्वाचा नियम शिकवताना मी धावत्या बसचेच उदाहरण देत आलो होतो. फळ्यावरचा नियम अंगात उतरायला मात्र बैल आडवा यावा लागला.

एका अपघातात तीन आघात

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर आत बसलेली माणसेही त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर, पुढे जात असतात. गाडी झाडावर आदळून थांबली तरी माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि त्याला थांबवते ते सुकाणूचे चाक, डॅशबोर्ड, समोरची काच किंवा पुढच्या आसनावर बसलेल्याची पाठ.

म्हणून तज्ज्ञ एका अपघातात तीन आघात मोजतात. पहिला आघात गाडीचा झाडाशी किंवा दुसऱ्या वाहनाशी. दुसरा आघात माणसाच्या शरीराचा गाडीच्या आतील भागाशी. तिसरा आघात शरीराच्या आत, म्हणजे मेंदूचा कवटीशी, हृदय आणि यकृत यांचा छातीच्या व पोटाच्या भिंतींशी. पहिला आघात टाळणे कित्येकदा आपल्या हाती नसते. दुसरा आणि तिसरा आघात सौम्य करणे बव्हंशी आपल्याच हाती असते, आणि त्याचे साधन म्हणजे सुरक्षापट्टा.

वेगाची कल्पना उंचीवरून चांगली येते. सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे साडेचार मजल्यांवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी ६० किलोमीटर असतो. ताशी १०० किलोमीटरसाठी ही उंची सुमारे ३९ मीटर, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढी होते. तेराव्या मजल्याच्या सज्जात कठड्याशिवाय कोणी मुलाला उभे करणार नाही. शंभरच्या वेगातील गाडीत पट्ट्याशिवाय बसणे याहून फारसे वेगळे नाही.

पट्टा नेमके काय करतो? तो थांबण्यासाठी अंतर मिळवून देतो. आदळताना गाडीचा पुढचा भाग चेपत जातो. पट्टा बांधलेला माणूस गाडीला जखडलेला असल्यामुळे त्या चेपण्याबरोबर, आणि पट्ट्याच्या थोड्या ताणाबरोबर, हळूहळू थांबतो. समजा, ताशी ५० किलोमीटर वेगातील ६० किलो वजनाचा माणूस अशा रीतीने ६० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर त्याच्यावर सरासरी एक टन वजनाएवढे बल पडते. तोच माणूस पट्ट्याशिवाय पुढे जाऊन डॅशबोर्डवर पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर ते बल बारापट होते. एक टन भार शरीराच्या भक्कम हाडांवर पसरून पडला तर माणूस बहुधा निभावतो. बारा टनांपुढे निभाव लागत नाही.

या तीनबिंदू पट्ट्याची रचना १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी सिद्ध केली. ते आधी विमानातील वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असत. पूर्वीचा पट्टा नुसताच कमरेला असे. बोहलिन यांनी खांद्यावरून येणारा आणि कमरेवरून जाणारा असा एकच सलग पट्टा केला, जो एका हाताने लावता येतो. कंपनीने हे पेटंट सर्व मोटार उत्पादकांसाठी खुले ठेवले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली पट्टा बांधणे कायद्याने सक्तीचे केले, आणि मग एकेका देशाने तो मार्ग धरला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पट्टा बांधल्याने वाहनातील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका ५० टक्क्यांपर्यंत कमी होतो.

मागच्या आसनाचा मान आणि मागच्या आसनाचा धोका

आपल्याकडे मागचे आसन मानाचे समजले जाते. पाहुणे, वडीलधारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया मागे बसतात. आणि मागे पट्ट्याची गरज नाही असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्राने या गृहीतकाची किंमत फार मोठी मोजली आहे.

३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघाले असता त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. ते मागच्या आसनावर होते. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, परंतु शरीरात अंतर्गत इजा झाली होती आणि त्यातच त्यांचे निधन झाले. राजधानीच्या भर वस्तीतील रस्त्यावरची ही घटना आहे. त्यानंतर तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मागच्या आसनावरील पट्ट्याचे महत्त्व जाहीरपणे सांगितले. तिसरा, आतला आघात कसा असतो, याचे याहून दुःखद उदाहरण नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी महाग आणि भक्कम होती. आत चौघे होते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मरण पावले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडीची किंमत जीव वाचवीत नाही, हा धडा त्या दिवशी साऱ्या देशाला मिळाला. पुढे १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी चालकासह मोटारीतील सर्वांना पट्टा सक्तीचा केला.

मागे बसलेल्याने पट्टा न लावणे हा केवळ त्याच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न नसतो. धडकेच्या वेळी तो पुढच्या आसनावर सगळ्या वजनानिशी आदळतो. पुढे बसलेल्याने पट्टा बांधला असला तरी मागून येणारा हा भार त्याच्या जिवावर बेतू शकतो. मागे बसलेला मुलगा अशा रीतीने पुढे बसलेल्या आपल्याच आईच्या मृत्यूला कारण होऊ शकतो, हे वाक्य लिहिताना हात थबकतो. पण ते लिहिले पाहिजे.

पट्टा कसा बांधावा?

पट्टा लावणे आणि पट्टा नीट लावणे यांत अंतर आहे. चुकीच्या जागी असलेला पट्टा स्वतःच इजा करू शकतो. म्हणून पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१. प्रथम पाठ आणि कंबर आसनाला पूर्ण टेकवून बसावे. आसनाची पाठ फार मागे कलती ठेवू नये. लांबच्या प्रवासात आडवे होऊन झोपलेला माणूस धडकेत पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटात किंवा गळ्यात रुततो.

२. पट्टा सावकाश ओढावा. झटका दिला तर तो अडकतो; तो बिघाड नाही, तेच त्याचे काम आहे. ओढल्यावर पट्ट्याला पीळ पडलेला नाही हे पाहावे. पीळ पडलेला पट्टा अरुंद होतो आणि सगळा भार एका रेषेवर येतो.

३. कमरेचा भाग पोटावर घेऊ नये. तो खाली, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर, मांड्यांना लागून असावा. हाड भार सोसते. पोटातील आतडी आणि यकृत सोसत नाहीत.

४. खांद्याचा भाग खांदा आणि मान यांच्या मधोमध, गळ्याच्या हाडावरून, छातीच्या मध्यातून जावा. पट्टा मानेला घासत असेल तर दाराजवळच्या खांबावरील त्याची उंची बदलावी. बहुतेक नव्या गाड्यांत पुढच्या आसनांना ही सोय असते. त्रास होतो म्हणून पट्टा काखेखालून किंवा पाठीमागून कधीही घेऊ नये. काखेखालचा पट्टा बरगड्या मोडतो आणि पाठीमागचा पट्टा नसल्यातच जमा.

५. बकल ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत बसवावे आणि एकदा ओढून पाहावे.

६. शेवटी खांद्याचा भाग वर ओढून कमरेवरचा सैलपणा काढून टाकावा. पट्टा आणि अंग यांत जाड शाल, उशी किंवा पर्स नसावी. साडीचा पदर किंवा ओढणी पट्ट्याखाली गोळा होऊ न देता सपाट करून घ्यावी. हिवाळ्यात जाड स्वेटर असेल तर पट्टा स्वेटरच्या आतून कमरेवर बसवावा.

७. डोक्यामागचा आधार, म्हणजे हेडरेस्ट, डोक्याच्या मागे येईल इतका उंच करावा. मानेखाली ठेवलेला आधार मागून धडक बसल्यास मान वाचवीत नाही.

८. एका पट्ट्यात एकच माणूस. मूल मांडीवर घेऊन दोघांभोवती एक पट्टा घेतला तर धडकेत मोठ्या माणसाच्या वजनाखाली मूल चिरडते.

गरोदर स्त्रियांनी पट्टा टाळू नये. कमरेचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर घ्यावा. खांद्याचा भाग छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने न्यावा. आई सुरक्षित असेल तरच बाळ सुरक्षित असते.

पट्ट्याची निगाही राखावी. कडा विसविशीत झालेला, कापलेला किंवा उंदराने कुरतडलेला पट्टा बदलून घ्यावा. मोठ्या अपघातात एकदा ताण सोसलेला पट्टा पुन्हा वापरू नये. जुनी मोटार विकत घेताना इंजिनाइतकेच चारही पट्टे ओढून पाहावेत.

मांडीवरचे बाळ

‘मी घट्ट धरून बसते,’ हे वाक्य प्रत्येक आई मनापासून म्हणते. तिच्या मायेविषयी शंका नाही. प्रश्न फक्त हातांच्या बळाचा आहे. वर सांगितलेल्या हिशेबाने ताशी ५० च्या वेगातील धडकेत आठ किलोचे बाळ आईच्या हातांत सुमारे १३० किलोचे होते, आणि तेही डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. सव्वाशे किलोचे पोते अचानक हातांत आले तर ते कोणाला धरता येईल?

तान्ह्या बाळासाठी मागच्या आसनावर, मागे तोंड करून बसवलेली चाइल्ड सीट हाच खरा उपाय आहे. अशा साधनांमुळे तान्ह्या मुलांचे अपघाती मृत्यू सुमारे ७१ टक्क्यांनी कमी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. वर्ष-दोन वर्षांची होईपर्यंत, शक्य तर त्याहूनही पुढे, मुले मागे तोंड करून बसवावीत. कारण त्यांचे डोके जड आणि मान कोवळी असते. पुढे समोर तोंड असलेली सीट, आणि त्यानंतर आसन उंच करणारी बूस्टर सीट वापरावी. मूल सुमारे दीडशे सेंटिमीटर उंच होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा त्याच्या मानेवर आणि पोटावर येतो. एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर मागे तोंड केलेली चाइल्ड सीट कधीही ठेवू नये.

चाइल्ड सीट महाग वाटते. परंतु ती एका मुलानंतर भावकीतल्या दुसऱ्या मुलाच्या कामी येऊ शकते. पाळणा जसा एका घरातून दुसऱ्या घरात जात आला, तशी ही सीटही जावी. मात्र अपघातातून गेलेली सीट पुढे देऊ नये.

काही समजुती

‘एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला?’ एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदार आहे, पर्याय नव्हे. ती सुमारे तीन शतांश सेकंदात प्रचंड जोराने फुगते. पट्टा न बांधलेला माणूस पुढे फेकला जाऊन फुगत असलेल्या एअरबॅगवरच आदळला तर तीच घातक ठरते. चालकाने सुकाणूपासून छातीचे अंतर निदान २५ सेंटिमीटर ठेवावे.

‘गाडीला आग लागली, पाण्यात पडली, तर अडकून पडू.’ असे अपघात एकूण अपघातांत फार थोडे असतात. त्यांतही बाहेर पडण्यासाठी माणूस शुद्धीवर असावा लागतो, आणि शुद्ध राखण्याचे काम पट्टाच करतो. गाडीबाहेर फेकले गेलेले प्रवासी आत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात दगावतात.

‘इथेच तर जायचे आहे.’ सिंदी मेघेहून वर्ध्याला किंवा सावंगीला जायला दहा मिनिटेही लागत नाहीत. म्हणून पट्टा लावला जात नाही. परंतु जडत्वाला अंतर कळत नाही, फक्त वेग कळतो.

पट्ट्याची सूचना देणारा आवाज बंद करण्यासाठी काही जण बकलमध्ये नुसतीच खोटी क्लिप अडकवतात. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध आदेश दिले. ही क्लिप यंत्राला फसवते. झाडाला फसवीत नाही.

आणि शेवटची समजूत : ‘नशिबात असेल ते होईल.’ आपल्या शाळेत वाढलेल्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. कारणावाचून कार्य होत नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. अपघातालाही कारणे असतात आणि इजेलाही कारणे असतात. त्यांतील जे कारण आपल्या हाती आहे ते दूर करणे, यालाच अप्रमाद म्हणतात. धम्मपदात अप्पमादासाठी एक संपूर्ण वग्ग आहे. सावधपणा ही भीती नव्हे. ती जागृती आहे.

कायदा आणि आकडे

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालकाने, पुढे बसलेल्याने आणि समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवाशांनीही पट्टा बांधणे बंधनकारक आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब मध्ये पट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर त्याची जबाबदारी वाहन चालविणाऱ्यावर येते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. जवळजवळ निम्मे प्रवासी आहेत, ही गोष्ट लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जणांचा रस्त्यावर मृत्यू झाला.

आपला परिसर

आपल्या भोवतालचे रस्ते बदलले आहेत. नागपूर-तुळजापूर महामार्ग वर्ध्याजवळून जातो. ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून वाहू लागला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार खाली कोसळली आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी गेले. त्या दुर्घटनेची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नाही. सात घरांनी वाढवलेली, डॉक्टर होऊ घातलेली सात मुले एका रात्रीत गेली, याचा सल या परिसराला आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक प्रवासाला तेव्हापासून आपण थोडे अधिक गांभीर्याने पाहावयास हवे होते.

१९५६ साली आपले आजी-आजोबा मिळेल त्या वाहनाने, कित्येक तर पायी, दीक्षाभूमीवर पोहोचले. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपण सुमारे पाऊणशे किलोमीटरचा तोच प्रवास मोटारीने दीड-दोन तासांत करतो. जीपमध्ये आडव्या बाकांवर दहा-बारा जण बसवून, निळे झेंडे लावून, आनंदाने जातो. त्या आनंदात कमी नको. माणसे मात्र आसनांइतकीच बसवावीत आणि पट्टे असलेलेच वाहन ठरवावे. एक फेरी जास्त झाली किंवा दोन वाहने घ्यावी लागली, तरी वर्गणी थोडीच वाढते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. येत्या रविवारी आपल्या गाडीच्या मागच्या आसनाचे आच्छादन उचलावे, खाली दडलेली बकले वर काढावीत आणि चारही पट्टे ओढून पाहावेत. पालकांना विनंती अशी, की सुटीला न्यायला याल तेव्हा गाडी फाटकातच थोडी थांबवावी. शेवटच्या बकलाचा ‘खट्’ आवाज आला की मगच पहिला गिअर टाकावा. मुलांना हा नियम एकदा सांगितला की ती तो विसरत नाहीत. उलट वडील विसरले तर तीच आठवण करून देतात.

सुटी संपल्यावर हजेरी घेताना प्रत्येक नावापुढे ‘हजर’ हा शब्द ऐकू यावा, एवढीच फाटकात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची इच्छा असते.